चाकूरकर साहेबांनी मत कुणाला दिलं?



१२ डिसेंबर २०२५ रोजी सकाळी शिवराज पाटील चाकूरकर साहेब लातूरच्या घरी वारल्याची बातमी आली. आपल्या ‘दहावी १९९६’ ग्रुपवर आधी हात जोडलेली चित्रं आली, मग फोटो आले, आणि दुपारपर्यंत भांडण सुरू झालं. एकाने लिहिलं, ‘सात वेळा खासदार, जळकोटला काय दिलं ते सांगा.’ दुसऱ्याने उत्तर दिलं, ‘लोकसभेचा अध्यक्ष आपल्या जिल्ह्याचा होता, हे कमी आहे का?’ तिसऱ्याने २६/११ काढलं, चौथ्याने त्यांचे कपडे काढले. संध्याकाळी दोघं ग्रुप सोडून गेले. ॲडमिनने दोघांना परत जोडलं खरं, पण ते अजून एकमेकांशी बोलत नाहीत. स्नेहमेळाव्यात त्यांना शेजारी बसवायचं, असं आम्ही ठरवलंय.

त्या दिवशी मला आठवीतला एक तास आठवला. इतिहास-नागरिकशास्त्राच्या सरांनी फळ्याकडे पाठ करून विचारलं होतं, ‘आपले खासदार लोकसभेत मत कधी देतात?’ कुणी म्हणालं रोज, कुणी म्हणालं कायदा करताना. सर म्हणाले, ‘सध्या देतच नाहीत.’ आम्ही सगळे हसलो. सर हसले नाहीत. म्हणाले, ‘का देत नाहीत ते घरी विचारून या.’ मी घरी विचारलं नाही. तुमच्यापैकीही कुणी विचारलं नसावं, कारण दुसऱ्या दिवशी सगळ्यांनी हातावर छड्या खाल्ल्या होत्या.

स्मरणिकेसाठी लेख मागितला, तेव्हा ठरवलं की तो राहिलेला गृहपाठ पूर्ण करायचा. मी इतिहासकार नाही. सॉफ्टवेअरमध्ये काम करते. आमच्याकडे कुठे काही बिघडलं की कोण काय म्हणतंय यापेक्षा आधी नोंदवही उघडून कुणी, कधी, काय केलं ते बघतात. लोकसभेची नोंदवही आता संसदेच्या डिजिटल ग्रंथालयात सगळ्यांना खुली आहे. १९५२ पासूनची भाषणं आणि कामकाज तिथे वाचता येतं. गेले काही महिने रात्री जेवणं झाल्यावर मी तेच वाचत होते.

चाकूर ते दिल्ली

आधी थोडा उजाळा. साहेबांचा जन्म १२ ऑक्टोबर १९३५ चा, चाकूरचा. तेव्हा आपला सगळा भाग निजामाच्या हैदराबाद संस्थानात होता. लातूर जिल्हा तर १५ ऑगस्ट १९८२ ला झाला, त्याआधी आपण उस्मानाबादचे. त्यांनी उस्मानिया विद्यापीठाची विज्ञानाची पदवी घेतली, मुंबईला कायदा शिकले आणि लातूरला परतले. १९६७ मध्ये ते लातूरचे नगराध्यक्ष झाले. पुढे आमदार झाले, आणि विधानसभेचे उपाध्यक्ष व १९७८-७९ मध्ये अध्यक्ष. म्हणजे दिल्लीला जाण्याआधीच सभागृह चालवण्याचं काम त्यांनी मुंबईत केलं होतं.

१९७७ च्या लाटेत लातूरने शेतकरी कामगार पक्षाच्या भाई उद्धवराव पाटलांना लोकसभेत पाठवलं होतं. १९८० मध्ये ती जागा काँग्रेसकडून चाकूरकर साहेबांनी घेतली आणि मग सोडलीच नाही. १९८०, १९८४, १९८९, १९९१, १९९६, १९९८ आणि १९९९, असे सात विजय. यातले १९८९ आणि १९९६ चे विजय मला जास्त महत्त्वाचे वाटतात, कारण त्या दोन्ही वेळा देशात काँग्रेसची सत्ता गेली होती, तरी लातूरने त्यांना ठेवलं. इंदिराजी आणि राजीव गांधी यांच्या मंत्रिमंडळांत त्यांनी संरक्षण, वाणिज्य, विज्ञान-तंत्रज्ञान, नागरी विमान वाहतूक अशी खाती सांभाळली. मार्च १९९० मध्ये ते लोकसभेचे उपाध्यक्ष झाले आणि १० जुलै १९९१ रोजी अध्यक्ष.

आता आपली तारीखवारी बघा. जुलै १९९१ मध्ये आपण नुकतेच सहावीत गेलो होतो. ते अध्यक्षपदावरून उतरले २२ मे १९९६ ला, तेव्हा आपण दहावीच्या निकालाची वाट बघत होतो. म्हणजे सहावी ते दहावी, आपलं सगळं हायस्कूल, हा त्यांचा अध्यक्षपदाचा काळ आहे. आणि सरांचा प्रश्न नेमका त्याच काळातला.

नाव शोधलं तर सापडेना

मी आधी सोपा मार्ग धरला. एक छोटा प्रोग्राम लिहिला, त्या पाच वर्षांच्या कामकाजात ‘शिवराज पाटील’ हे नाव कुठे कुठे येतं ते शोधायला. फारसं काही मिळेना. मला वाटलं, जुनी पानं स्कॅन केलेली, अक्षरं नीट वाचली गेली नसतील. मग एका दिवसाचं कामकाज स्वतः डोळ्यांनी वाचलं आणि स्वतःच्याच डोक्यात टपली मारली. त्या पाच वर्षांत त्यांचं नाव छापतच नाहीत. प्रत्येक पानावर दहा-दहा वेळा ‘अध्यक्ष महोदय’ असतं, तेच ते. माणूस पदात विरघळून गेलेला.

मतदानाच्या यादीतही त्यांचं नाव नाही. इथे सरांच्या प्रश्नाचं उत्तर येतं. राज्यघटनेचं शंभरावं कलम सांगतं, की सभागृहातला निर्णय हजर राहून मत देणाऱ्यांच्या बहुमताने होतो आणि त्यात अध्यक्ष मत देत नाही. दोन्ही बाजूंना सारखी मतं पडली तरच अध्यक्षाने आपलं निर्णायक मत द्यायचं. म्हणजे लातूरकरांनी निवडून दिलेल्या माणसाकडे जून १९९१ नंतर मत होतं, पण ते कुलपात होतं. तो प्रश्नही विचारू शकत नव्हता आणि चर्चेत बाजूही घेऊ शकत नव्हता.

हे वाचताना ३० सप्टेंबर १९९३ ची पहाट आठवली. आदल्या दिवशी गणपती बोळवलेले, पहाटे चारच्या आधी घर हललं, पत्रे वाजले, आणि सगळी गल्ली अंगणात. आपण आठवीत होतो. सकाळी रेडिओवर किल्लारी, सास्तूर ही नावं ऐकली. सरकारी आकडा ७,९२८ मृतांचा. त्या वेळी या जिल्ह्याचा खासदार देशातल्या सर्वोच्च सभागृहाच्या खुर्चीवर होता, आणि त्या खुर्चीचाच नियम असा, की तिथून उठून ‘माझ्या जिल्ह्याचं काय’ असं विचारता येत नाही. मदत मिळवायला पत्रं, फोन, भेटी होत्याच, आणि मदत आलीही. पण सभागृहाच्या नोंदीत आपला आवाज म्हणून जे नाव असायला हवं होतं, ते तिथे असूच शकत नव्हतं. इंग्लंडमध्ये निदान अध्यक्षाच्या मतदारसंघात मोठे पक्ष उमेदवार देत नाहीत, अशी प्रथा आहे. आपल्याकडे तसं काही नाही. अध्यक्षाला पाच वर्षं गप्प बसून पुन्हा त्याच लोकांपुढे मत मागायला जावं लागतं. ग्रुपवरचा ‘जळकोटला काय दिलं’ हा प्रश्न त्यामुळे चुकीचा नाही, पण त्याचं अर्धं उत्तर या नियमात आहे.

हिरवं, तांबडं, पिवळं

मतदान होतं कसं, हेही मला या निमित्ताने कळलं. बहुतेक विधेयकं आवाजी मतदानाने होतात. अध्यक्ष विचारतात, अनुकूल असणाऱ्यांनी ‘होय’ म्हणावं, प्रतिकूल असणाऱ्यांनी ‘नाही’ म्हणावं. मग ‘होय’वाल्यांचं बहुमत दिसतं असं सांगून विषय संपतो. यात कुणाचंच नाव नोंदलं जात नाही. कुणी हरकत घेऊन मतविभागणी मागितली तरच साडेतीन मिनिटं घंटा वाजते, दारं बंद होतात आणि सदस्य आपल्या जागेवरची बटणं दाबतात. हिरवं होय, तांबडं नाही, पिवळं तटस्थ. निकाल सांगतानाही अध्यक्ष म्हणतात, की दुरुस्ती व्हायची असेल तर ती धरून निकाल असा आहे, कारण कुणाचं बटण चुकतं, कुणाचं दाबलंच जात नाही. घटनादुरुस्तीला मात्र मतविभागणी होतेच, कारण तिथे दोन तृतीयांश मोजून दाखवावे लागतात.

आणखी एक कुलूप १९८५ चं आहे. त्या वर्षी ५२ व्या घटनादुरुस्तीने पक्षांतरबंदी आली. पक्षाने व्हिप काढला आणि सदस्याने त्याविरुद्ध मत दिलं, किंवा मत द्यायचं टाळलं, तर त्याची खासदारकी जाऊ शकते. जाते की नाही हे ठरवतो अध्यक्ष. म्हणून आपल्या कुठल्याही खासदाराचं मतदान बघून ‘हा याच्या मनातला कौल’ असं म्हणता येत नाही. अमेरिकेत प्रत्येक सदस्याचं मत मोजून त्याला गुण देणाऱ्या संस्था आहेत. आपल्याकडे तसा तक्ता केला तर त्यात माणूस दिसणार नाही, पक्ष दिसेल.

ज्या मतांच्या वेळी ते खुर्चीवर होते

मग मी उलट बाजूने शोधायचं ठरवलं. त्यांनी काय मत दिलं ते सोडून, त्यांच्यासमोर कोणती मतं पडली ती बघितली. आणि इथे मला खरी संपत्ती सापडली.

११ मे १९९३. न्यायमूर्ती व्ही. रामस्वामी यांना सर्वोच्च न्यायालयातून काढण्याचा प्रस्ताव. न्यायाधीशाला हटवण्याचा प्रस्ताव लोकसभेत मताला आला, ही स्वतंत्र भारतातली पहिलीच वेळ. न्यायमूर्तींच्या बाजूने कपिल सिब्बल यांनी सभागृहापुढे उभं राहून युक्तिवाद केला. निकाल लागला तो असा: प्रस्तावाच्या बाजूने १९६, विरोधात शून्य, तटस्थ २०५. एकही माणूस ‘नाही’ म्हणाला नाही, तरी प्रस्ताव पडला, कारण काँग्रेस आणि मित्रपक्ष तटस्थ राहिले आणि आवश्यक बहुमत झालं नाही. हे पान मी तीन-चारदा वाचलं. तटस्थ राहणं म्हणजे काहीच न करणं, असं मी इतकी वर्षं समजत होते.

२८ जुलै १९९३. नरसिंह राव सरकारवरचा तिसरा अविश्वास प्रस्ताव. जुलै १९९२ मधला पहिला ४६ मतांनी पडला होता, बाबरी मशीद पाडल्यानंतर डिसेंबरमध्ये आलेला दुसरा मोठ्या फरकाने पडला होता. या तिसऱ्या वेळी प्रस्तावाच्या बाजूने २५१ आणि विरोधात २६५ मतं पडली. सरकार १४ मतांनी वाचलं. निकाल वाचून दाखवला तो आपल्या चाकूरच्या माणसाने. पुढे उघड झालं, की झारखंड मुक्ती मोर्चाच्या खासदारांना मतासाठी पैसे दिल्याचा आरोप आहे. १९९८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ३ विरुद्ध २ अशा निकालात म्हटलं, की सभागृहात दिलेल्या मताबद्दल खासदारावर खटला चालवता येत नाही. म्हणजे पैसे घेऊन मत दिलं त्याला संरक्षण, आणि ज्याच्यावर पैसे घेऊन मत न दिल्याचा आरोप होता त्याला मात्र संरक्षण नाही! राव स्वतः पुढे दिल्ली उच्च न्यायालयातून निर्दोष सुटले. आणि १९९८ चा तो निकाल सात न्यायाधीशांच्या पीठाने एकमताने रद्द केला, तो ४ मार्च २०२४ ला. आपण आठवीत असताना पडलेल्या मताचा हिशेब आपली मुलं आठवीत गेल्यावर पूर्ण झाला.

तिसरं मतदान आपल्या सगळ्यांच्या जास्त जवळचं. २२ डिसेंबर १९९२ रोजी लोकसभेने ७३ वी आणि ७४ वी घटनादुरुस्ती मंजूर केली. बाबरी पडून जेमतेम दोन आठवडे झाले होते, देशभर दंगली होत्या, तरी त्या सभागृहाने पंचायती आणि नगरपालिकांना घटनेत जागा दिली आणि त्यांत एक तृतीयांश जागा बायकांसाठी राखल्या. आपल्या वर्गातल्या दोन मैत्रिणी पुढे सरपंच झाल्या. त्यांपैकी एक शाळेत फळ्यासमोर उभी राहून कविता म्हणायलाही घाबरायची. आज जळकोटला नगरपंचायत आहे, तिचीही मुळं त्या दिवसात आहेत. साहेबांनी त्या दिवशी मत दिलं नाही. पण तशा डिसेंबरात सभागृह चालवून हे मतदान पार पाडणं, हेही काम आहे, आणि ते मोजायला आपल्याकडे रकाना नाही.

खुर्चीवरून त्यांनी केलेल्या आणखी दोन गोष्टी लिहिते. १९९३ मध्ये खात्यांशी संबंधित १७ स्थायी समित्या सुरू झाल्या. प्रत्येकीत लोकसभेचे ३० आणि राज्यसभेचे १५ सदस्य. तोवर एवढ्या मोठ्या अंदाजपत्रकातल्या कित्येक मागण्या चर्चेविनाच मंजूर व्हायच्या. समित्यांमुळे निदान बंद खोलीत का होईना, अधिकाऱ्यांना आकडे विचारले जाऊ लागले. दुसरी गोष्ट, डिसेंबर १९९४ पासून प्रश्नोत्तराचा तास दूरदर्शनवर थेट दिसू लागला. तेव्हा आपण नववीत होतो आणि गावात टीव्ही असलेली घरं मोजकी. शेजारच्या काकूंच्या ओसरीवर बसून आम्ही ते बघितलेलं मला आठवतं. हात वर करून ‘बैठ जाइए, बैठ जाइए’ म्हणणारा, कडक इस्त्रीतला माणूस. काकू म्हणायच्या, ‘आपल्या सरांसारखाच आहे की गं, कुणी ऐकंना!’

जी मतं त्यांच्या हातून निसटली

१९९६ नंतर ते पुन्हा साधे सदस्य झाले. कुलूप निघालं. १७ एप्रिल १९९९ ला वाजपेयी सरकारच्या विश्वासदर्शक ठरावावर मतदान झालं, तेव्हा साहेब विरोधी बाकांवर होते. २६९ विरुद्ध २७०. सरकार एका मताने पडलं. ओडिशाचे मुख्यमंत्री झालेले गिरिधर गमांग खासदारकी न सोडता मत द्यायला आले होते, आणि सैफुद्दीन सोझ यांनी आपल्या पक्षाच्या आदेशाविरुद्ध मत दिलं, म्हणून पक्षाने त्यांना काढलं. त्या एका मतामुळे निवडणूक लागली, सप्टेंबर १९९९ ची. आणि त्याच निवडणुकीत मी पहिल्यांदा मत दिलं. नांदेडला इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला होते. एसटीने जळकोटला आले, शाळेत, आपल्याच पाचवीच्या खोलीत केंद्र होतं. मतदानाचं वय एकवीसचं अठरा झालं नसतं तर मला आणखी थांबावं लागलं असतं. ती ६१ वी घटनादुरुस्ती लोकसभेने डिसेंबर १९८८ मध्ये केली, राजीव गांधींच्या काळात, साहेब ज्या सरकारात मंत्री होते त्याच सरकारने.

२००४ मध्ये लातूरने त्यांना नाकारलं. भाजपच्या रूपाताई पाटील निलंगेकर तीस हजारांच्या आसपास मतांनी निवडून आल्या. आणि महिन्याभरात हरलेला उमेदवार देशाचा गृहमंत्री झाला, जुलैमध्ये राज्यसभेत गेला. घटनेप्रमाणे यात काहीच गैर नाही. पण माझ्या वडिलांना ते शेवटपर्यंत पटलं नाही. ते म्हणायचे, ‘लोकांनी नको म्हटलेल्या माणसाला मोठं पद द्यायचं, तर मग लोकांना विचारता कशाला?’ वडील त्यांचे मतदार होते, विरोधक नव्हते, म्हणून त्यांचं म्हणणं मला अजून टोचतं.

या राज्यसभेमुळे एक विचित्र गोष्ट झाली. २२ जुलै २००८ रोजी अणुकरारावरून मनमोहन सिंग सरकारवर विश्वासदर्शक ठराव आला. सभागृहात नोटांची बंडलं दाखवली गेली, ती रात्र आपल्या सगळ्यांना आठवते. २७५ विरुद्ध २५६. मंत्री दोन्ही सभागृहांत बसू शकतो, बोलू शकतो, पण मत फक्त स्वतःच्या सभागृहात देऊ शकतो. त्यामुळे त्या मतविभागणीत देशाच्या पंतप्रधानांना मत नव्हतं आणि गृहमंत्र्यांनाही नव्हतं. १९९३ ला खुर्चीमुळे नाही, २००८ ला सभागृह वेगळं म्हणून नाही.

आणि तिसरं. ९ मार्च २०१० ला राज्यसभेने महिला आरक्षण विधेयक १८६ विरुद्ध १ मताने मंजूर केलं. साहेब त्या सभागृहात साडेपाच वर्षं होते, पण जानेवारीतच पंजाबचे राज्यपाल होऊन गेले होते. इथेही नाव नाही. ते विधेयक पुढे लोकसभेत अडलं, आणि कायदा व्हायला सप्टेंबर २०२३ उजाडलं.

गृहमंत्री म्हणून त्यांच्या काळात पोटा कायदा रद्द झाला, आणि २००५ मध्ये आपत्ती व्यवस्थापन कायदा झाला. किल्लारीच्या जिल्ह्यातल्या माणसाच्या खात्याने हा कायदा आणला, ही गोष्ट मला त्यांच्या चरित्रातली सगळ्यात अर्थपूर्ण वाटते. चाकूरचं सीमा सुरक्षा दलाचं आणि लातूरचं केंद्रीय राखीव पोलीस दलाचं प्रशिक्षण केंद्र, ही त्यांची नावं घेऊन सांगता येणारी कामं. दुसऱ्या बाजूला दिल्लीतले बॉम्बस्फोट, मालेगाव, मुंबईच्या लोकलमधले स्फोट, आणि शेवटी २६ नोव्हेंबर २००८. चार दिवसांनी त्यांनी नैतिक जबाबदारी घेऊन राजीनामा दिला. कपड्यांवरून त्यांची टिंगल झाली ती मला क्षुद्र वाटते. पण गुप्तवार्ता आणि किनाऱ्याची सुरक्षा यांतल्या अपयशाचा प्रश्न कपड्यांचा नव्हता, आणि तो त्यांच्या नावापुढे राहणारच. आपल्या माणसाबद्दल लिहिताना हे वाक्य गाळलं असतं, तर सरांनी वही फेकली असती.

माझी स्वतःची नोंद

साहेबांची नोंद तपासता तपासता एका रात्री मी माझीच तपासली. १९९९ ला मत दिलं. २००४ ला पुण्यात होते, पहिली नोकरी, सुट्टी मागायला घाबरले, दिलं नाही. २००९ ला परदेशात होते; दिलं नाही. त्याच वेळी लातूर मतदारसंघ अनुसूचित जातींसाठी राखीव झाला, आणि मला ते चार वर्षांनी कळलं. २०१४ ला पुण्याच्या यादीत नाव नव्हतं, जळकोटच्या यादीत होतं, आणि मी आले नाही. २०१९ आणि २०२४ ला दिलं, पुण्यात. म्हणजे सहापैकी तीन. उरलेल्या तीन वेळी मी पिवळं बटण दाबलं होतं, तेही न कळता. त्यांच्याकडे निदान घटनेचं कलम होतं. माझ्याकडे काय होतं? सुट्टीचा अर्ज न करण्याची भीती.

ग्रुपवर त्या दिवशी सगळ्यात जास्त मेसेज टाकणाऱ्यांमध्ये मीही होते. आपल्या सध्याच्या खासदारांनी, डॉ. शिवाजी काळगे यांनी, गेल्या अधिवेशनात कुठल्या विषयावर काय भूमिका घेतली, हे आपल्यापैकी किती जण सांगू शकतील? माझा मतदारसंघ आता पुणे, पण तिथल्या खासदाराबद्दलही मला सांगता आलं नसतं. आता येईल. संसदेच्या संकेतस्थळावर प्रश्न, भाषणं, हजेरी सगळं असतं. मोबाईलवर दहा मिनिटांचं काम आहे.

सर, तुमचा प्रश्न होता, आपले खासदार लोकसभेत मत कधी देतात. उत्तर असं: आठवीत आपण होतो तेव्हा ते देत नव्हते, कारण ते अध्यक्ष होते, आणि दोन्ही बाजू समसमान झाल्या तरच त्यांनी द्यायचं होतं. एरवी बहुतेक मतं आवाजी, तिथे नाव राहत नाही. जिथे नाव राहतं तिथे पक्षाचा व्हिप असतो. म्हणून खासदाराला मतावरून जोखता येतं ते थोडंच. तो समितीत काय विचारतो, सभागृह कसं चालवतो, चूक झाल्यावर खुर्ची सोडतो का, यावरून जास्त जोखता येतं. तेहतीस वर्षं उशीर झाला आहे. छडी खायची तयारी आहे.

ग्रुपवरच्या त्या दोघांसाठी एवढंच. तुम्ही दोघंही बरोबर होता. जळकोटला काय मिळालं हे विचारायलाच हवं, आणि आपल्या मातीतल्या माणसाने देशाचं सभागृह पाच वर्षं सांभाळलं याचा अभिमानही वाटायलाच हवा. मेळाव्याच्या दिवशी पाचवीच्या खोलीत तुम्हा दोघांची खुर्ची शेजारी-शेजारी आहे. तिथेच मी १९९९ ला पहिलं मत दिलं होतं. या दोघांनी, आणि हो, तटस्थ राहू नका.

(दहावी, १९९६)